बाजूला बसायचं औषध

आमच्या विभागाच्या दारावर पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचं काळं चिन्ह होतं. जगभर त्याचा अर्थ ‘इथं किरणोत्सार आहे, जपून’ असा होतो. आमच्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो पंखा वाटायचा, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पंख्याचं नुसतं चित्र दिसलं तरी माणूस त्याच्याखाली जाऊन उभा राहतो. उरलेल्या निम्म्यांना अर्थ बरोबर कळायचा आणि ते जिन्यावरूनच परत फिरायचे. उशीर झाला म्हणून मी कधी रिक्षा केली की रिक्षावाला आरशातून बघत विचारायचा, “वो एटमवाला सेक्शन ना, बाई? बैठो. लेकिन गेट के बाहर छोडूंगा.”

विद्यापीठाच्या ज्या रुग्णालयात मी नोकरी केली त्याचं नाव लिहीत नाही, कारण गुडघ्यांसाठी मला अजूनही तिथंच जावं लागतं. विभागाचं नाव न्यूक्लिअर मेडिसिन. मी तिथं तंत्रज्ञ होते आणि तिथूनच दोनेक वर्षांपूर्वी निवृत्त झाले. विभाग तळघरात, आणि तिथं जायचा रस्ता शवागारावरून. चौकशीच्या खिडकीतून पेशंटला सांगितलं जायचं, “शवागार सोडून सरळ पुढं जावा.” हे ऐकून धीर आलेला पेशंट माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमचं काम बाहेरच्यांना कळत नाही. खरं तर वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनाही ते फारसं कळलेलं नव्हतं, म्हणून सांगते. एक्स-रेवाले बाहेरून बॅटरी मारतात आणि पलीकडं पडलेली सावली बघतात. आम्ही माणसाच्या आतच दिवा लावतो आणि बाहेर बसून बघतो. किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून द्यायचं. ते हाडाचं असेल तर हाडात जाऊन बसतं, किडनीचं असेल तर किडनीत. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आमच्या कॅमेऱ्याला दिसतो. दुखणं आहे तिथं उजेड जास्त पडतो, किंवा अजिबात पडत नाही, आणि त्यावरून डॉक्टर काय ते ठरवतात.

हे औषध साठवून ठेवता येत नाही. सकाळी तयार केलेल्याचा जोर दुपारी निम्म्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नुसतं पाणी उरतं. त्यासाठी मुंबईहून शिशाच्या जाड भांड्यात एक यंत्र यायचं आणि रोज सकाळी त्यातून ताजं औषध काढायचं. या धंद्यातले लोक त्याला गाईचं दूध काढणं म्हणतात. आमची गाय सोमवारी भरपूर द्यायची आणि शनिवारपर्यंत आटायची. आमचा अटेंडंट अंबादास सोमवारी ते भांडं उतरवून घेताना त्याला हात जोडायचा. तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, आणि विभागात कशालाच न भिणारा एकटाच. बाकी रुग्णालय आमच्याकडचा कागदसुद्धा चिमटीत धरायचं. कॅन्टीनवाला चहाची किटली जिन्यावर ठेवून वरूनच हाक मारायचा. याचा एक फायदा मात्र झाला, आमच्या विभागातली खुर्ची कधी कुणी पळवली नाही.

औषधाला घाई आणि पेशंटला निवांतपणा, हे आमचं कायमचं दुखणं. नातेपुत्याचे एक आजोबा हाडांच्या स्कॅनसाठी आले होते. बरोबर अख्खं घर, कारण नातीचं लग्न ठरलेलं. इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, आता दोन-तीन तास पाणी पीत बसा, औषध हाडात मुरू द्या, मग फोटो काढू. बसून काय करायचं, असा विचार करून मंडळी नवी पेठेत बस्ता बांधायला गेली. आम्ही कॅमेरा तापवून बसलो. दिवेलागणीला आजोबा परतले ते डोक्याइतकी गाठोडी घेऊन. “आलो की बाई, काडा फोटू.” मी म्हटलं, आजोबा, आता काय काढू, दिवा विझला. “मग दुसरा लावा की! आमी काय पळून चाललोय व्हय?” असं म्हणून त्यांनी नवरीचा शालू उलगडून माझ्या टेबलावर पसरला आणि रंग कसा आहे ते विचारलं. रंग खरंच चांगला होता. तसं सांगून मी त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलं.

आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, विद्वान. पेशंटला कुठलीही गोष्ट समजावून सांगायची त्यांना मनापासून हौस, आणि ती कुणालाही समजणार नाही याची तितकीच खबरदारी. “हे पूर्णपणे सुरक्षित आहे,” असं ते पेशंटला सांगायचे, पण शिशाच्या पडद्यामागं उभं राहून. पडद्यावरून फक्त त्यांचा चष्मा दिसायचा.

आमच्या विभागाचा बोलबाला झाला तो स्कॅनमुळे नव्हे, आयोडीनच्या गोळीमुळे. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करायला लागली की माणूस खातो पण वाळतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. अशा पेशंटला किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी देतात. ती ग्रंथीत जाऊन बसते आणि तिला ताळ्यावर आणते. एक गोळी, एक घोट पाणी, पेशंट घरी. फक्त काही दिवस पेशंटच्या अंगातून किरणं बाहेर पडत राहतात, म्हणून त्यानं निराळं झोपायचं, ताटवाटी निराळी ठेवायची, गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यापासून लांब राहायचं. पेशंटनुसार आठवडा-दहा दिवस. मग झालं.

हे सांगायला सर फळ्यावर आलेख काढायचे. वरून खाली येणारी एक वाकडी रेघ. पेशंट ती रेघ बघून आणखी घाबरायचा, कारण खाली घसरत जाणारी रेघ म्हणजे आपलीच तब्येत असं कुणालाही वाटणार. घरी जाऊन लोक नातवंडांना मांडीवर घेऊन बसायचे. मग एके दिवशी अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं सगळा आलेख ऐकून घेतला आणि विचारलं, “म्हंजे बाजूला बसायचं व्हय?”

सरांचा चष्मा पडद्यावरून एकदम वर आला. आमच्या भागात पाळीच्या दिवसांत बायका बाजूला बसायच्या, आणि बऱ्याच घरांत अजून बसतात. ताट निराळं, अंथरूण निराळं, कशाला शिवायचं नाही, मूल जवळ आलं तरी त्याला लांब करायचं. म्हणजे आमचं सगळं पथ्य प्रत्येक घरात तयारच होतं, आणि आम्ही उगीच खडू झिजवत होतो. त्या दिवसापासून सरांचा आलेख बंद झाला. “बाजूला बसतात ना, अगदी तसंच. फक्त चारऐवजी दहा दिवस.” एवढ्यावर काम व्हायचं. पेशंट पुरुष असला की हे ऐकून त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एकाची बायको तर तिथंच पदर तोंडाला लावून हसली. “बसा आता दहा दिस. ताट सरकवून दीन, लांबनं.” तो बिचारा दुसरी काही ट्रीटमेंट आहे का ते विचारत होता.

मी स्वतः कधी बाजूला बसले नाही. आमच्या आईनं ते घरातून हद्दपार केलं होतं आणि त्यासाठी आजीशी तिनं वर्षभर अबोला सोसला. आता तीच गोष्ट मी पांढरा कोट घालून, विज्ञानाच्या पदवीच्या जोरावर, तळघरात बसून शिकवत होते. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण लोक पथ्य पाळत होते, मुलं सुरक्षित राहत होती, आणि उपयोगी पडणाऱ्या गोष्टीची चव कोण बघतो?

मग संगीता आली. मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावातली, पंचविशीतली. नवरा पुण्यात कंपनीत, महिन्यातून एकदा घरी. घरात ती, सासू आणि तीन वर्षांची आरोही. संगीता इतकी वाळली होती की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. गोळी द्यायची ठरली. पथ्य सांगताना संगीता माझ्याकडे बघत होती, पण ऐकत होत्या त्या सासूबाई. कलावतीबाई नाव. उंच, कडक, कपाळाला ठसठशीत कुंकू. ऐकून झाल्यावर त्यांनी सगळं पाठ म्हणावं तसं मला परत म्हणून दाखवलं. ताट कुठं ठेवायचं, संडासात पाणी दोनदा कसं ओतायचं, पोरगी कुणाजवळ झोपणार. “एक बी चूक व्हायची न्हाय बाई. माझ्या नातीचा प्रश्न हाय.” त्या गेल्यावर मी अंबादासला म्हटलंसुद्धा, असं घर शंभरात एक. अशा शाबासक्या मी जरा हात राखून द्यायला हव्या होत्या.

तीन महिन्यांनी संगीता तपासणीला आली, एकटीच. अंगावर मांस आलं होतं, हात थरथरत नव्हते. रिपोर्ट बघून सर खूश. “एक्सलंट रिस्पॉन्स!” असं पडद्याबाहेर येऊन म्हणाले, म्हणजे किती खूश ते समजा. मी बाहेर बघितलं तर बाकडी रिकामी असून ती पार जिन्याच्या कोपऱ्यात उभी.

“बस की गं, उभी का?”

“नगं बाई. सवं झाली.”

“कसली सवय?”

ती भिंतीला आणखी चिकटली. मी विचारलं, आरोही कशी आहे.

“हाय की. बोलती लई आता.” मग म्हणाली, “आत्यांजवळ झोपती. मी पडवीत.”

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. पडवीत का, ते मला आधी कळलंच नाही. तीन महिने झाले होते. दहा दिवस सांगितले होते, तेही दोन दिवस वर धरून. मी तिला तसं म्हटलं.

“आत्यांनी दहा दिस मोजलं की. मग म्हनल्या, पानी कवा घ्यायचं डोक्यावरनं? बाजूला बसलेली बाई न्हाल्याबिगर घरात कशी घ्यायची? तुमी तर न्हान्याचं काय बोललाच न्हाय. म्हनून म्हनल्या, ऱ्हाऊ दे अजून. मग ह्यांनी पुण्यास्नं मोबाइलवर व्हिडिओ पाठीवला. त्यात दावलंय, हे किरन हजारो वर्सं जात न्हाईत मातीतनं. आत्यांनी तो सगळ्या गल्लीला दावला.”

“आणि तू? तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं बाई. घर त्यांचं हाय.”

संताप आला. कुणावर ते ठरवता येईना. सासूवर यावा तर तिनं आम्ही सांगितलं त्यातलं अक्षरही मोडलं नव्हतं. नवऱ्यावर यावा तर तो पुण्यात, आणि शहाणपण मोबाइलवरून पाठवणारा. बायकांच्या त्या बाजूला बसण्याला शेवट असतो, चौथ्या दिवशी न्हाणं असतं. आम्ही त्यातलं बसवणं तेवढं उचललं आणि उठवणं तिथंच ठेवून आलो. विद्यापीठाचा विभाग, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

मी सरांकडं गेले. सर म्हणाले, “थायरॉइडच्या दृष्टीनं केस संपलेली आहे. बाकीचं समाजसेवा अधिकाऱ्याकडे पाठवा.” समाजसेवा अधिकाऱ्याची जागा मी नोकरीला लागले त्याच्याही आधीपासून रिकामी होती. त्यांच्या खोलीत जुने पडदे ठेवलेले असत. मी पडद्यांशी बोलण्यापेक्षा कलावतीबाईंना फोन केला. म्हटलं, सुनेला घेऊन या, नातीलाही आणा, मशीनवर बघून सांगते.

पुढच्या आठवड्यात तिघी एसटीनं आल्या. आजी आणि नात पुढं, संगीता शेवटच्या सीटवर. लहान मुलांना विभागात यायची बंदी, म्हणून आरोहीला वर सायकल स्टँडजवळच्या कडुलिंबाखाली अंबादासजवळ बसवलं. कलावतीबाई तोंडाला पदर लावून खाली उतरल्या.

आमच्याकडं एक मीटर असतो. चौकोनी डबा, त्याला वायरनं जोडलेली एक नळी. किरणोत्सार असेल तिथं नळी धरली की डबा टिकटिक करतो. जास्त असेल तर कडकडतो. मी नळी संगीताच्या गळ्याजवळ धरली. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक-टिक. मी विजयानं सासूबाईंकडे बघितलं.

“वाजतंय की!” त्या म्हणाल्या.

“अहो, एवढं वाजतंच. काही नसलं तरी वाजतं.”

“काय नसलं तर वाजंल कशाला?”

आता मला विज्ञान सांगणं भाग पडलं. दगडात, विटेत, हवेत, आभाळातून येणाऱ्या किरणांत, सगळीकडं हे थोडं थोडं असतंच, हे मी सांगितलं. दाखवायला नळी भिंतीजवळ नेली. टिक. खुर्चीजवळ नेली. टिक-टिक. कलावतीबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि भिंतीपासूनही लांब सरकल्या. मला आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर त्या गावाला परत जाऊन स्वतःचं घरही सोडून बसल्या असत्या.

“आत्या, चला जाऊ,” संगीता खाली बघत म्हणाली. “ऱ्हाऊ द्या.”

आणि इतका वेळ ताठ असलेल्या कलावतीबाई एकदम खाली बसल्या. “बाई, मला काय हौस हाय व्हय? पोरगी आई आई करून रडायची. दाराला आतनं कडी लावून मी तिला छातीशी धरून बसायची. भायेर ही रडायची. दोगींचं ऐकायची मी. पर उद्या पोरीला काय झालं तर तुमी येनार हाय का?”

असं कुणी विचारलं की आम्ही टक्केवारी सांगतो. ती सांगायची इच्छा झाली नाही.

डोळे पुसून त्यांनीच विचारलं, “डोक्यावरनं पानी घितलं तर चालंल का?”

खरं उत्तर होतं, संबंध नाही. आयोडीन केव्हाच निघून गेलं होतं आणि ते न्हाल्यानं जातही नाही. पण बसवताना आम्ही त्यांची भाषा वापरली होती. उठवताना मात्र आपली भाषा बोलायची, हा कुठला न्याय?

“चालेल,” मी म्हटलं. “आत्ताच घ्या. इथंच. त्यासाठी आमच्याकडं खास खोली आहे.”

यात खोटं काहीच नव्हतं. कुणाच्या अंगावर औषध सांडलं तर तातडीनं धुऊन काढायला प्रत्येक अशा विभागात एक शॉवर असावाच लागतो. आमच्याकडंही होता, दारावर इंग्रजी पाटीसकट. फक्त सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि तळघरातल्या त्या नळाला तेही कधी आलं नाही. तोटी फिरवली की हवा यायची. तपासणीला मोठे साहेब येणार असले की टँकर मागवायचा, एरवी अंबादास तिथं केरसुण्या ठेवायचा. मी वरच्या एका शिपायाला पोरीजवळ थांबवून अंबादासला हाक मारली. त्यानं केरसुण्या बाहेर काढल्या आणि वरून बादल्या आणल्या. कलावतीबाईंनी पदर खोचला. त्यांच्यात एकदम जीव आला. स्टूल कुठं ठेवायचं ते त्यांनी सांगितलं, तांब्या मागितला, “हळद हाय का?” विचारलं. हळद अंबादासनं कॅन्टीनमधून आणली.

मी दार लोटून उभी होते. संगीता स्टुलावर मान खाली घालून बसली होती. पहिला तांब्या ओतताना सासूबाई ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या. मग त्यांनी तिच्या केसांत हात घालायला हात पुढं केला आणि तो मध्येच थांबला. तीन महिन्यांत त्या सुनेला शिवल्या नव्हत्या. मग त्यांनी हात घातला आणि चोळचोळून केस धुतले, लहान मुलीचे धुवावेत तसे. संगीता रडत होती की नुसतं पाणीच होतं ते मला दारातून कळलं नाही. मी मात्र रडले.

तेवढ्यात सर आले. जमिनीवरून वाहणारं पाणी बघून म्हणाले, “हे काय चाललंय?”

“डीकंटॅमिनेशन, सर,” अंबादास म्हणाला.

सर बुटांवर पाणी येऊ नये म्हणून मागं सरले आणि निघून गेले. पुढं याच बादलीवर त्यांनी बंगळूरच्या परिषदेत भाषण केलं. स्थानिक परंपरा आणि किरणोत्सार-सुरक्षा असा काहीतरी विषय होता. टाळ्या पडल्या म्हणे. आता तिथं प्रत्येक पेशंटला शेवटच्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायला सांगतात. त्याला सरांनी इंग्रजीत एक लांबलचक नाव शोधलं आहे.

आमच्याकडं प्रत्येकानं कपड्यांचा एक जादा जोड ठेवायचा नियम होता. माझी निळी सुती साडी मी संगीताला दिली. तिघी वर आलो, मागोमाग अंबादास. माझ्या खांद्याला तो मीटर तसाच लटकत होता. तो विभागाबाहेर न्यायला परवानगी लागते, पण परवानगी देणारे सर बूट पुसत होते.

लिंबाखाली आरोही त्या शिपायाला काहीतरी रागावत होती. कलावतीबाई म्हणाल्या, “आरू, जा गं आईकडं. आई न्हाली आता.”

संगीतानं हात पुढं केले. पोरगी दोन पावलं मागं सरली.

“नगं. शिवू नगं. लांब बस.”

आवाज तीन वर्षांच्या पोरीचा आणि बोलणं हुबेहूब आजीचं. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, तिनं ते रोज ऐकलं होतं. आजी म्हणाल्या, “अगं, संपलं आता, जा.” पोरगी मान हलवत उभी. न्हाण्याचं महत्त्व कळायला ती फार लहान होती. शिवाशिव कळायला पुरेशी मोठी होती.

संगीतानं हात मागं घेतले. ती झाडाच्या पारावर जाऊन बसली, ओल्या केसांचं पाणी माझ्या साडीवर गळत होतं. ती पोरीकडं बघेना, आमच्याकडंही बघेना. मला वाटलं, आता याला कुठला शॉवर आणि कुठली हळद?

तेवढ्यात मीटर टिकटिकला. मी बंद करायची विसरले होते. आरोहीनं मान वर केली. “ते काय हाय?”

डबा मी धरला आणि नळी तिच्या हातात दिली. तिनं ती लिंबाला लावली. टिक. सायकलला लावली. टिक-टिक. अंबादासच्या पोटाला लावली, तशी तो “अय्यो!” करून उडाला. पोरगी खिदळली. तिनं त्याला पुन्हा उडवला. मग नळी घेऊन ती पाराकडं वळली, वायर ताणली म्हणून मी मागं मागं. आईच्या गुडघ्याला तिनं नळी टेकवली आणि कान देऊन उभी राहिली. टिक. टिक-टिक. पोरगी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तरातरा जाऊन तिनं नळी आजीच्या पोटाला लावली.

टिक-टिक-टिक. या मीटरचं वाजणं सारखं नसतं. कधी कमी, कधी एकदम दोन-तीन. त्याला अर्थ नसतो.

“आजी, तू बी वाजतीस!”

कलावतीबाई चटका बसल्यासारख्या मागं झाल्या. आरोही थोडा वेळ विचार करत उभी राहिली. मग ती पारावर चढली, आईच्या ओल्या मांडीत बसली, नीट मागं टेकून, आणि तिनं बोट दाखवलं.

“आजी, आता तू लांब बस.”

कुणी हसलं नाही. कलावतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ते वाजणं काही नाही, सगळ्यांचंच वाजतं, हे सांगणं माझं काम होतं आणि मला त्याचाच पगार मिळायचा. पण मला घाई नव्हती. पोरीपासून नजर न काढता त्या मागं मागं गेल्या आणि सायकल स्टँडच्या कडेला, उन्हात, खाली बसल्या. गुपचूप. पाय दुमडून, पदर अंगाभोवती घेऊन.

संगीतानं पोरीच्या केसांत नाक खुपसलं होतं. डोळे मिटलेले. मला वाटलं तिनं काही पाहिलंच नाही. मग तोंड वर न करताच ती म्हणाली,

“आत्या, उटा तितनं. ह्याला न्हानं-बिनं काय लागत न्हाय. मला दहाव्या दिशीच ठाव हुतं. या, हितं बसा सावलीला.”

आजी बसूनच राहिल्या. मग संगीतानं पोरीला कडेवर घेतलं आणि त्यांना उठवायला ती स्वतः उन्हात गेली.